मुराळी अजून वाटेत आहे

मालेगावच्या चित्रपटांविषयी आपण ऐकले असेलच. यंत्रमागांच्या या गावात शुक्रवारी माग थांबतात आणि त्या सुट्टीला सिनेमा पाहण्याची जुनी रीत आहे. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी गावातलीच माणसे जमवून ‘मालेगाव के शोले’ केला. डाकूंसाठी घोडे आणणे परवडणारे नव्हते, तेव्हा डाकू सायकलींवर स्वार झाले. कॅमेरा उंच न्यायचा तर बैलगाडी, सरकता ठेवायचा तर पुन्हा सायकलच. फैजा अहमद खान यांचा या मंडळींवरील माहितीपट २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’.

लोक यास जिद्दीची कथा म्हणतात. ती आहेच, परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घोडा नाही हे एकदा कळल्यावर तिथे कोणी घोड्याची वाट पाहत बसले नाही. हाताशी जे होते ते सर्वांनी मान्य केले आणि प्रत्येकाने त्यात आपली भर घातली. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्या मनात आले असेल. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्या घराला हे कौशल्य औषधाच्या डब्याइतकेच रोज लागते, म्हणून.

आयत्या वेळी रचण्याची ही कला आपल्याकडे नवी नाही. कोकणातल्या दशावतारात कथानक ठरलेले असते, संवाद मात्र पात्रे रंगमंचावरच घडवतात. तमाशातला सोंगाड्या तर त्यावरच जगतो. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोत, निरनिराळ्या देशांतून आलेल्या आणि एकमेकांची भाषा धड न येणाऱ्या मुलांसाठी, अशा खेळांची पद्धत बसवली. त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले. या कलेचा पुढे रूढ झालेला मुख्य नियम सोपा आहे: समोरच्याने जे दिले ते खोडायचे नाही, स्वीकारायचे, आणि त्याला आपला एक धागा जोडायचा.

आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना स्मृतिभ्रंश आहे. दिवस कलला की त्यांची घालमेल सुरू होते. या आजारात संध्याकाळची अस्वस्थता पुष्कळदा आढळते. त्या लुगड्यांचे गाठोडे बांधतात आणि दाराशी बसून अहिराणीत विचारतात, “मना भाऊ उना का?” आखाजीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून येणार आहे, ही त्यांची खात्री. तो भाऊ जाऊन वीस वर्षे झाली. ‘मामा वारले’ असे सांगितले की त्यांच्यासाठी तो त्याच क्षणी वारतो. त्या रडतात, अर्ध्या तासाने कारण विसरतात, दुःख तेवढे राहते. आणि पुन्हा तोच प्रश्न.

येथे सायकल शोधावी लागते. “मुराळी येणार, तर त्याला काय करू या?” एवढे विचारले की सासूबाई सांजोऱ्यांपासून आमरसापर्यंत बेत सांगू लागतात. परातीत थोडे गहू दिले की निवडत बसतात. गाठोडे बाजूला राहते, दिवेलागण होते, जेवण पोटात जाते.

या कामात आमच्या घरी सर्वांत निष्णात कोण, विचाराल तर दिवसा सासूबाईंची काळजी घ्यायला येणाऱ्या मावशी. त्या मोसम नदीच्या पलीकडून येतात, घरात उर्दू बोलतात. आखाजी त्यांना ठाऊक नव्हती. त्यामुळे “ये सांजोरी क्या होती है, अम्मा?” हा त्यांचा प्रश्न अगदी खरा असतो, आणि खऱ्या प्रश्नाला सासूबाई मन लावून उत्तर देतात. आम्ही घरची माणसे पुष्कळदा उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारतो. “मी कोण, ओळखा पाहू?” ही तर परीक्षाच झाली.

मात्र हे एकट्याचे काम नव्हे. मावशींनी दुपारी ‘मुराळी वाटेत आहे’ म्हणावे आणि संध्याकाळी नातीने ‘तो कालच येऊन गेला’ म्हणावे, तर वृद्ध जिवाचा गोंधळ वाढतो. म्हणून फ्रिजवर एक वही ठेवली आहे. आज कथा कुठवर आली, कोणत्या शब्दाने त्या खुलल्या, कशाने बिथरल्या, हे जाणाऱ्याने लिहायचे आणि येणाऱ्याने वाचायचे. शेजारच्या पानावर औषधांच्या वेळा. त्या पानावर कोणतीही कल्पकता चालत नाही. तसेच गॅस, रस्ता, पैशांच्या सह्या यांतही नाही.

आणखी एक सांगणे अगत्याचे आहे. एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम वाढला, माणूस सुस्तावला किंवा बरळू लागला, तर कथा रचत बसू नका. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, नवे औषध, बद्धकोष्ठ, अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आपण स्वतः ज्येष्ठ असाल, स्मृती शाबूत असेल, तरी हा खेळ आपलाही आहे. अॅन बास्टिंग या अमेरिकी प्राध्यापिकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक रीत रूढ केली: एखादे गमतीदार चित्र समोर ठेवायचे आणि ‘आठवते का’ असे न विचारता ‘इथे काय चालले असेल?’ असे विचारायचे. कोणतेही उत्तर चुकीचे नाही. येईल ते लिहून घ्यायचे आणि वाचून दाखवायचे. कट्ट्यावरच्या मंडळींनी करून पाहावे. चित्र जुन्या दिनदर्शिकेवरचेही चालते. याने गेलेली स्मृती परत येत नाही, तसे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. तासभर माणसे एकमेकांत असतात, एवढे मात्र नक्की.

माझ्या धाकट्या दिरांना हे सारे खोटे बोलणे वाटते. त्यांचा आक्षेप हलका नाही. आईशी खोटे बोलायचे तर जीभ अडखळणारच. माझे म्हणणे असे की भाऊ जिवंत आहे असे आपणहून ठासून सांगू नये, भावाविषयी विचारावे. ‘वाटेत आहे’ हा शब्दही त्यांचाच, आम्ही तो फक्त खोडत नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी सासूबाई शांत होत्या. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मना भाऊ गया ना?” मी “हो” म्हटले. त्यांनी मान हलवली, आणि भावाच्या बैलजोडीतला एक बैल कसा मारका होता ते बराच वेळ सांगितले. त्या दिवशी वहीत मी तेवढेच लिहिले: सकाळी विचारले, खरे सांगितले, रडल्या नाहीत. खाली मावशींसाठी एक ओळ: बैलाविषयी विचारा.