टाकी मोठी की उंच?

मीरा रोडच्या नया नगरात गच्चीवर गेलं की चहूकडे पाण्याच्या काळ्या टाक्या दिसतात. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फजरच्या वुजूलाही बारीक धार, तळमजल्यावर मात्र नळ धो धो. ‘खालचे पाणी ओढतात’ अशी कुजबुज. शेवटी मोठ्या टाकीसाठी वर्गणी सुरू झाली.

मी नववीच्या मुलांना प्रयोग रचायला सांगितला. एक अरुंद बाटली, एक रुंद. तळापासून सारख्याच उंचीवर, एकाच खिळ्यानं पाडलेलं भोक. पाण्याची पातळीही सारखी. दोन्ही धारा सारख्याच लांब पडल्या! पातळी वाढवली तेव्हाच धार लांब गेली. म्हणजे दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकीच्या रुंदीवर नाही. चौथ्या मजल्याचा नळ टाकीतल्या पाण्याखाली जेमतेम 2 मीटर, तळमजल्याचा 14 मीटर. दाब सातपट! यात चोरी कुणाचीच नव्हती.

सोसायटीच्या सभेत एका विद्यार्थिनीनं बाटल्या मांडल्या. इंजिनिअरला विचारून टाकीचा चौथराच उंच करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरून तळमजल्याच्या आपांकडे बिर्याणीचा डबा गेला. माफीचा शब्द कुणी काढला नाही. आपांनीही विचारलं नाही.