चिंटूला पास लागत नाही

भाईंदर (पूर्व)
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि मागे वहिनीचा मिक्सर चालू असतो. हे जरा सावकाश सांगायचंय.

सध्या माळा उपसतेय. रिडेव्हलपमेंटचं एकदाचं नक्की झालं, जानेवारीअखेर घर रिकामं करून द्यायचंय. माळ्यावरून टँकरच्या दिवसांतले तीन निळे ड्रम निघाले, बाबांची ब्रीफकेस निघाली, वातींचा स्टोव्ह निघाला. आईला यातलं काहीच टाकायचं नाही. ब्रीफकेसमध्ये मात्र काय असावं? तुझं दोनशे पानी लाँगबुक. वर तपकिरी कव्हर आणि त्यावर मार्करनं 'चिंटू. हात लावू नये.' हा इशारा अर्थात मला होता.

आठवतंय ना, पुण्याची आजी वर्षभराचे 'सकाळ' रद्दीवाल्याला न देता सुतळीनं बांधून ठेवायची. मे महिन्यात गेलो की तो गठ्ठा आपला. तू बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं त्यातली चिंटूची चित्रपट्टी कापायचास आणि मी मैद्याची खळ लावायची. आता त्या खळीसाठी कसरीनं चांगलीच मेजवानी केली आहे. काही पानांवर चिंटूचं डोकं आहे, पाय नाहीत. पण निम्म्याहून जास्त कात्रणं शाबूत आहेत. आपण ती एकदम वाचायचो, त्यामुळे उकाड्यात घामाघूम होऊन त्याची दिवाळी, त्याची थंडी, त्याची सहामाही, सगळं एका बैठकीत उरकायचं. मला लहानपणी खरंच वाटायचं की चिंटू फक्त मे महिन्यात असतो.

परवा शुक्रवारी चिंटूला ३४ वर्षं झाली. २१ नोव्हेंबर १९९१ला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनं तो 'सकाळ'मध्ये आणला. तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, मी पाच. आज माझा ओम आठ वर्षांचा आहे. त्यानं वही चाळली आणि सरळ प्रश्न टाकला, "हा कितवीत आहे?" मी म्हटलं, असेल तिसरी-चौथीत. "आणि मामा लहान होता तेव्हा?" तेव्हाही. ओमनं जरा विचार केला. "म्हणजे नोबितासारखा नापास होतो."

नोबिताचं त्याचं गणित पक्कं आहे. पेपरात शून्य मिळतं, म्हणून तो पन्नास वर्षं त्याच वर्गात. यात कसलंही गूढ नाही. उलट त्या गोष्टीतली तारखांची गंमत मी त्याला सांगितली तर तो मलाच वेड्यात काढायला लागला. जपानमध्ये 'डोरेमॉन'ची ती चित्रकथा १९६९च्या डिसेंबरात सुरू झाली आणि नोबिताची जन्मतारीख आहे ७ ऑगस्ट १९६४. म्हणजे या ऑगस्टमध्ये त्याला ६१वं संपून ६२वं लागलं. रेल्वेच्या हिशेबात तो ज्येष्ठ नागरिक झाला, पण सवलत २०२० सालीच बंद झालेली, त्यामुळे बिचाऱ्याला तिथेही शून्यच. आणि ज्याच्या पोटावरच्या खिशावर त्याचं सगळं चालतं तो डोरेमॉन? त्याची जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२. त्याला जन्माला यायला अजून ८७ वर्षं आहेत. ओम म्हणाला, "आई, जन्माला आला नाही तर रोज टीव्हीवर कसा येतो?" मी कुकर बघायला उठले.

पण खरी मजा संध्याकाळी झाली. मी आईला म्हटलं, चिंटू आठचाच राहिला, तर त्याच्या आईचं काय? १९९१ साली ती तिशीची धरली तर ती १९६१-६२ची, आपल्या आईच्या बरोबरीची. आजही ती तिशीचीच. म्हणजे आता तिचा जन्म १९९५च्या आसपास गेला. चिंटू आधी आला, त्याची आई नंतर जन्मली! मी ३९ची, तेव्हा तिनं मला ताई म्हणायला हवं. आणि लहानपणी तिनं पेपरात काय वाचलं असेल? चिंटूच की. आई ऐकत होती. म्हणाली, "आणि त्याची आजी?" आजी १९९१ला साठीची धर, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीची, १९३१ची. आज साठीची म्हणजे १९६५ची. आईनं बोटांवर मोजलं. "म्हणजे चिंटूची आजी माझ्यापेक्षा लहान? विचार तिला, गुडघ्यांना काय लावते."

अमेरिकेत 'द सिम्पसन्स' नावाची जी मालिका १९८९पासून चालू आहे, तिच्यात हा घोळ त्यांना चक्क पडद्यावर निस्तरावा लागला. बार्ट कायम दहाचा. त्याचे आईबाप शाळेत एकमेकांना भेटले ते १९७४ साली, असं १९९१च्या एका भागात दाखवलं. पुढे २००८ साली आणखी एक भाग आला आणि त्यात तेच आईबाप नव्वदच्या दशकात लग्नाआधीचे, तरुण. पोरगा जागचा हलू नये म्हणून आईबापांचं तरुणपण उचलून वीस वर्षं पुढे नेऊन ठेवलं. मला हे वाचून हसू आलं आणि थोडा रागही. पोराच्या सोयीनं आईनं सरकायचं, हे कार्टूनमध्येसुद्धा चुकलं नाही.

तर दादा, दोन दिवस माझ्या डोक्यात हेच घोळतंय की या पोरांचं वय ठरवतं कोण. वर्षं मोजून ते लागत नाही हे उघड आहे. मग कात्रणं पुन्हा नीट वाचली. इयत्ता मला कुठेच सापडली नाही. पण तो एकटा कुठपर्यंत जातो ते सापडतं. वाड्यातल्यासारखं त्याचं जग आहे. पप्पू, मिनी, राजू, जोशीकाकूंचं अंगण, त्यांच्या कैऱ्या. त्यापलीकडे आईबाप बरोबर असले तर. आठ काय आणि नऊ काय, जोशीकाकूंच्या कुंपणापर्यंत एकट्यानं जायची परवानगी, हेच त्याचं वय.

आपलंही असंच मोजलं जायचं, नाही का? गिरगाव सोडून १९८८ला इथे आलो तेव्हा माझी हद्द जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. मग गेट. मग नवघर रोडचा वाणी, तोही सुट्टे पैसे मुठीत घट्ट धरून. खाडीकडे आणि मिठागरांकडे पाऊल टाकायचं नाही. तू एकदा मिठाचे पांढरे ढीग जवळून बघायला गेलास आणि चपला चिखलात ठेवून आलास. बाबा ओरडले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी नव्या चपला आणताना म्हणाले, "ह्या स्टेशनपर्यंतच चालतात." स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला एकट्यानं जायला मला बारावं वर्ष उजाडावं लागलं.

आणि त्यानंतर जे होतं ते एकदम होतं. तू दहावी पास झालास आणि कॉलेज सुरू होताच पास काढलास. भाईंदर ते विलेपार्ले, सेकंड क्लास, कॉलेजचा कन्सेशनचा कागद जोडून तीन महिन्यांचा. भाषा बघ कशी आहे, पास झाला की पास. आईनं प्लॅस्टिकचं पाकीट दिलं होतं त्यासाठी. बाबांनी एकच शिकवण दिली: विरार गाडीला लटकायचं नाही, पाच मिनिटं उशीर होऊ दे, भाईंदर लोकलच पकडायची. पहिल्या दिवशी तू सात-काहीतरीच्या गाडीला गेलास. मी गॅलरीत उभी होते. तू वर बघितलं नाहीस. संध्याकाळी आलास तो दुसराच कुणीतरी होतास. लहान बहिणीला हे लगेच कळतं. तुझ्या शर्टाला माणसांचा वास येत होता.

म्हणून मला वाटतं, ही न वाढणारी पोरं सगळी दहावीच्या अलीकडेच का, याचं उत्तर आपल्याकडे तरी सोपं आहे. चिंटू, नोबिता, तो पाच वर्षांचा शिनचॅन. दहावीतलं मूल असं गोठवता येत नाही. त्याला फेब्रुवारी असतो. लोकलच्या पासवर वय असतं आणि संपायची तारीखही. ज्याच्या खिशात संपायची तारीख आहे, त्याला दर सकाळी नव्यानं सुरुवात कशी करू देणार? लक्ष्मणांचा कॉमन मॅन १९५१पासून तसाच राहिला, पण तो बघ, म्हाताराच आला होता. मधल्यांची काही सोय नाही.

फास्टर फेणेचं काय झालं ते बघ. तो काही कार्टून नव्हे, पण वय न वाढण्यात तो या सगळ्यांचा मराठी थोरला भाऊ. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेशला विद्याभवनात घातलं आणि पुस्तकांमागून पुस्तकं शाळेतच ठेवलं. दूरदर्शनवर सुमीत राघवन फाफे झाला तेव्हाही तो शाळकरीच होता. २०१७च्या सिनेमात मात्र अमेय वाघचा फाफे मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो. सिनेमा चांगला होता, मी शिट्टी मारली. दिलीप प्रभावळकर खुद्द भा. रा. भागवत झालेले बघून गलबललेसुद्धा. तरी 'ट्टॉक' ऐकताना मनात आलं, म्हणजे याची दहावी झाली तर. कुणी पेढे दिले नाहीत.

चिंटूचेही दोन सिनेमे आले, २०१२ आणि २०१३ साली, दोन्हींत शुभंकर अत्रेच चिंटू. वर्षभरात दुसरा आला ते बरं झालं. खरा मुलगा कुणासाठी थांबतो? त्याचा आवाज फुटतो, मिसरूड येतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. तू कात्रण कापताना तारीख कायम बाहेर ठेवायचास. मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणालास, "ती चिंटूची नाही, पेपरची आहे." पण खळ सुटल्यामुळे काही कात्रणं हातात आली आणि मी ती उलटी करून बघितली. मागच्या बाजूला अर्धी स्कूटरची जाहिरात. कुणाच्या तरी बाराव्याचं निवेदन, नाव कापलं गेलेलं, 'शोकाकुल' तेवढं शिल्लक. एकावर सोन्याचा भाव, दहा ग्रॅमला चार हजार आणि वर काहीतरी. पुढच्या बाजूला चिंटू कालच्यासारखा आणि मागच्या बाजूला असं. मी एक कात्रण ट्यूबलाइटसमोर धरलं तर चिंटूच्या पोटातून सोन्याचा भाव दिसत होता.

आणि वहीचं शेवटचं पान. तुला हे आठवतंय की नाही मला माहीत नाही. पेन्सिलीनं आखलेला तक्ता आहे, वर 'चिंटूचं वय'. ९१ - ८. ९२ - ९. ९३ - १०. दर वर्षी एक. तू त्याला तुझ्याबरोबर वाढवत होतास! ९४ला अकरा, ९५ला बारा, अक्षर दर ओळीला जरा बदलत गेलेलं, ९६पासून पेनानं. ९८ - १५. मग ९९ असं लिहून पुढे रेघ मारली आहेस, आकडा नाही. ९९ला तुझी दहावी होती. त्या मेमध्ये आपण पुण्याला गेलोच नाही, तुझ्या डोक्यात मुंबईतली कॉलेजं होती. आजीनं गठ्ठा बांधून ठेवलाच असेल. त्याचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही, तूही नसशील.

मला तुझी गंमत वाटली आणि जरा रागही आला. मी खळ लावत होते आणि तू माझ्यापासून लपवून त्याला मोठा करत होतास. अमेरिकेत फ्रँक किंग नावाच्या चित्रकारानं हे खरोखर केलं होतं. 'गॅसोलिन अ‍ॅली' नावाच्या त्याच्या चित्रपट्टीत १४ फेब्रुवारी १९२१ला एका माणसाच्या दारात टोपलीत बाळ सापडतं. ते बाळ वाचकांच्या बरोबरीनं रोज एक दिवसानं वाढलं, शाळेत गेलं, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलं, बापही झालं. वाचताना मला वाटलं, दादाला हे माहीत असतं तर त्यानं ९९पुढचा आकडा लिहिला असता. तुझ्या हिशेबानं चिंटू आज ४२चा आहे, त्याला बहुधा प्रेशरची गोळी आहे आणि त्याची पोरगी दहावीत आहे.

सईचा अभ्यास कसा चाललाय? तिला विज्ञानाची फार धास्ती आहे असं वहिनी म्हणत होती. तिला सांग, आत्याला भूमितीत पस्तीस होते आणि आत्या आज बँकेत आहे. प्रीलिम झाली की चार दिवस पाठवून दे इकडे. तोवर हे घर आहे. ही इमारतही बघ, आपल्याबरोबर आली, तीस झाली तशी स्ट्रक्चरल ऑडिट सुरू झालं आणि ३७व्या वर्षी पाडायला निघाली. गाव मात्र वरवर चढत गेलं. आपण आलो तेव्हा नगर परिषदेला जेमतेम तीन वर्षं झाली होती, २००२ला महानगरपालिका झाली. या गावाला कुणी एकदाही नापास केलं नाही, पाणी नसलं तरी.

वही मी ड्रमबरोबर टेम्पोत टाकणार नाही. तुझ्याकडे पाठवू की इथेच ठेवू, ते कळव. इथे ठेवली तर कसरीला डांबरगोळ्या घालीन. तू नेलीस तर सईला दाखव, पण परीक्षेनंतर.

शेवटच्या पानावर त्या तक्त्याखाली बरीच जागा कोरी आहे. ओमला मी सांगितलंय की मामाच्या वहीत काही लिहायचं नाही. मघापासून आतल्या खोलीत फार शांतता आहे आणि माझी पेन्सिल टेबलावर दिसत नाही. उठते.

तुझी,
छोटी