वताचा महिना

आमच्या देवगडकडे उन्हाला 'वत' म्हणतात. मे म्हणजे वताचा महिना. चाकरमानी त्याला आंब्या-फणसांवरून ओळखतात. आईचा हिशेब वेगळा. पावसाळाभर घर ज्याच्यावर चालायचं, ते सगळं याच महिन्यात वाळवून डब्यांत जायचं असतं. फणसाचे पापड, आंब्याची साठं, सांडगी मिरची, सुके बांगडे. आणि सगळ्यांत मानाची सोलं, म्हणजे आमसुलं.

सोलं सवडीने होत नाहीत. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया मुठेलासाठी, म्हणजे कोकमाच्या तेलासाठी, बाजूला काढायच्या, रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची आणि खळ्यात चटईवर पसरायची. दिवसभर वाळली की पुन्हा त्याच रसात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वतात. अशी चार-पाच पुटं बसली की साल काळंभोर, मऊ आणि चकचकीत होतं. मधला एक दिवस ढगाळ गेला तरी आई रात्री उठून सालं हुंगून बघते. बुरशीचा वास तिला आधी कळतो, डाग मागाहून दिसतो.

२०२५ सालच्या मेमध्ये ती रोजच उठत होती. पहिल्या आठवड्यापासूनच दुपार कलली की आभाळ भरून यायचं. चटई पसरावी, तासाभरात गुंडाळावी. पडवी भरली, माजघर भरलं, शेवटी देवखोलीतसुद्धा सालं आली. घरभर आंबूस, ओला वास. "वत खंय गेला?" पलीकडच्या खळ्यातून काकी रोज विचारायची, जणू घरातलं एखादं माणूस सकाळी निघून गेलं आहे आणि अजून परतलेलं नाही.

मग अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि २४ मे रोजी रत्नागिरी-दापोलीच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. २५ तारखेला तो आमच्या देवगडात होता आणि २६ला मुंबईत, जिथे त्याची ठरलेली तारीख ११ जून. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंद १९५० पासून नाही. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. देशभराची सरासरी १२६.७ मिलिमीटर भरली. १९०१ पासून इतका ओला मे झाला नव्हता. हे आकडे टीव्हीवर झळकत होते तेव्हा आई पदराने सालं टिपत होती.

लवकर आलेल्या पावसाचं कौतुक मला त्या दिवसांत सहन होत नसे, आजही होत नाही. रोहिणी निघाल्या की आमच्याकडे भाताची धूळवाफ करतात. कोरड्या, भुसभुशीत मातीत बी टाकायचं, मग ते पहिल्या पावसाची वाट बघत पडून राहतं. त्या वर्षी रोहिणी निघाल्या त्याच दिवशी पाऊस दारात उभा होता. धूळ उरलीच नव्हती. नांगराला चिकटणारा चिखल होता आणि त्यावर गवताची हिरवी लव. बाबा बियाण्याचं पोतं उंबऱ्याशी ठेवून दोन दिवस नुसते बसून होते. तिकडे घाटावर काढणीला आलेला, काढून ठेवलेला उन्हाळी कांदा शेतातच भिजला. त्या शेतकऱ्यांचं नुकसान आमच्या सोलांपेक्षा कितीतरी मोठं होतं, पण ते मला समजलं ते आमच्या चटईवरूनच.

पुढे तर पाऊस थबकलाच. मे संपता संपता मोसमी वारे अडकले ते पंधरवडाभर हलेनात. पेरणीची घाई करू नका, असं कृषी खातं सांगत होतं. आमच्याकडे ऊन पडलं, चांगलं लख्ख पडलं. पण तोवर झाडाखाली रतांब्यांचा नुसता लाल चिखल झाला होता. आईने रिकामी चटई तरीही एक दिवस वतात टाकली. मी विचारलं तर म्हणाली, "तिका तरी सुकांदे."

गणपतीत दरवर्षी मुंबईला जाताना प्रत्येकाच्या पिशवीत सोलांची पुडी असते. त्या वर्षी बरणी तळाला टेकलेली होती. आईने मूठ मूठ मोजून पुड्या बांधल्या आणि काकीची पुडी सगळ्यांत आधी बाजूला ठेवली.

यंदा एप्रिल संपायच्या आधीच तिने चटया झटकून खळ्यात पसरल्या. रतांबे अजून हिरवेच होते.