युरोपला निघण्याआधी: काही टिपणे

लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं लहानसं गाव आहे. 14 जून 1985 रोजी नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी इथे करार केला आणि आपापसातल्या सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने उठवायचं ठरवलं. आज त्यात 29 देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनचा व्हिसा देत नाहीत. ब्रिटनचा व्हिसा तर पूर्णपणे वेगळा. नकाशा समोर घेऊन आधी एवढं पाहून घ्यावं, मग पुढच्या गोष्टी.

*

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? नियम सोपा आहे. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडला पाच आणि इटलीत चार, तर अर्ज स्विस वकिलातीकडे. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडेल त्याच्याकडे. 'अमक्या देशाची तारीख लवकर मिळतेय, तिथूनच करून टाकू' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. कागदावर एका देशाची सहल दाखवून प्रत्यक्षात दुसरीकडेच राहणं म्हणजे अधिकाऱ्याला खोटं सांगणं. विमानतळावर चौकशी झाली तर उत्तर देता येत नाही.

*

मे महिन्याची सुट्टी सगळ्या महाराष्ट्राला एकाच वेळी लागते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये व्हिसा केंद्रांच्या तारखा मिळता मिळत नाहीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण जास्त चौकशी हवी असेल तर 45 दिवसही लागू शकतात. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीत कागद गोळा करावेत आणि फेब्रुवारीत अर्ज द्यावा.

*

सगळ्यात आधी पासपोर्ट उघडा. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

मग नाव पाहा. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. पासपोर्टात ते एका ठिकाणी, पॅन कार्डावर दुसऱ्या पद्धतीने, तर बँकेत नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या कागदांत हा घोळ अधिक. तिकीट, विमा आणि हॉटेलचं आरक्षण या तिन्हींवर पासपोर्टातलं नाव अक्षरशः तसंच असू द्या. जुन्या कागदांवर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

सहीचंही तेच. आजी मराठीत सही करत असेल आणि पासपोर्टवर मराठी सही असेल, तर अर्जावरही मराठीतच करावी.

*

शुल्क: जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, 6 वर्षांपासून 12 वर्षांखालच्या मुलांना 45, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. केंद्र फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतं. व्हिसा द्यायचा की नाही हे वकिलातच ठरवते. त्यामुळे 'आमची आत ओळख आहे' असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

*

बँकेच्या उताऱ्यात अधिकारी काय पाहतो? शिल्लक पाहतोच, पण ती शिल्लक आली कुठून हेही पाहतो. पगार दर महिन्याला येतो का, खर्च उत्पन्नाला धरून आहे का, हे त्याला तपासायचं असतं. अर्जाच्या आठ दिवस आधी कुणाकडून तरी उचलून खात्यात टाकलेले चार लाख लगेच डोळ्यांत भरतात. मुदत ठेव मोडली असेल, जमीन विकली असेल, तर त्याचा पुरावा जोडून एका ओळीत तसं लिहावं. खरं कारण सांगितलं की शंकेला जागा उरत नाही.

*

निवृत्त माणसांचे कागद वेगळे: पेन्शनचा पुरावा, प्राप्तिकराची विवरणपत्रं, घराचे कागद. मुलगा किंवा मुलगी युरोपात असेल आणि खर्च तेच करणार असतील, तर तिथल्या सरकारी कार्यालयातून हमीपत्र घ्यावं लागतं. प्रत्येक देशाचा नमुना निराळा असतो आणि तो मिळायला वेळ जातो. म्हणून मुलांना हे आधीच सांगून ठेवावं.

*

विमा 30,000 युरोंचा हवा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालणारा. एवढ्याने वकिलातीचं समाधान होतं. तुमचं तेवढ्यावर होऊ नये. आईला मधुमेह आहे, वडिलांच्या हृदयात स्टेंट आहे, तर आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. स्वस्त पॉलिसीत नेमकं तेच वगळलेलं असतं. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

*

बोटांचे ठसे एकदा दिले की 59 महिने चालतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. आयुष्यभर शेतात किंवा धुण्याभांड्यांत राबलेल्या बोटांचे ठसे पटकन उमटत नाहीत. अशा वेळी वृद्ध माणसाला पुन्हा पुन्हा बोट टेकवायला लावतात आणि ते बिचारं अवघडून जातं. केंद्रात सोबत कुणाला येऊ देतात ते आधी विचारून ठेवा आणि घरातलं कुणीतरी नक्की जा.

*

पॅरिस, मग चार दिवस लंडन, मग ॲमस्टरडॅम असा बेत असेल तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा पुरत नाही. लंडनला गेलात की तो संपला. अर्जात एकापेक्षा जास्त प्रवेश मागा आणि ब्रिटनचा व्हिसा निराळा काढा.

*

नव्वद दिवसांचा हिशेब. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. नातवाच्या बारशाला किंवा मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईवडिलांनी हे विशेष लक्षात ठेवावं. शिवाय व्हिसा ज्या तारखेपर्यंत चालतो ती तारीख आणि मुक्कामाला मिळालेले दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिकरवर दोन्ही छापलेल्या असतात. ऑक्टोबर 2025 पासून युरोपने ये-जा संगणकावर नोंदवायला सुरुवात केली आहे. एक दिवस जास्त राहिलात तरी तो दिसणार.

*

2024 मध्ये भारतातून शेंगेनसाठी 11 लाखांहून अधिक अर्ज गेले आणि सुमारे 15 टक्के नाकारले गेले. नकार आला तर लाज वाटून घेऊ नये. कारण लेखी मिळतं. ते वाचावं, अपिलाचा हक्क आहे हे लक्षात ठेवावं. राहिलेला कागद जोडून नव्याने अर्जही करता येतो. मात्र पुढच्या अर्जात हा नकार कधीही लपवू नये.

चांगली गोष्टही सांगतो. एप्रिल 2024 च्या निर्णयानुसार, इथे राहणाऱ्या भारतीयांनी मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नियमानुसार वापरले असतील, तर त्यांना दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. प्रामाणिकपणे केलेल्या प्रवासाचं हे फळ.

*

बारा दिवसांत सात देश हा बेत आईवडिलांवर लादू नका. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, रात्री दहाला नवं हॉटेल. दोन देश, तीन शहरं पुष्कळ झाली. मे-जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी नदीकाठी निवांत बसता येतं.

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचं रेल्वेस्थानक 3,454 मीटरवर आहे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. आणि तिकीट आदल्या दिवशी, हवामान पाहून काढावं. ढग असतील तर वर पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही.

जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दूध, ब्रेड, फळं शनिवारीच घेऊन ठेवा.

*

व्हिसा हातात आला म्हणजे प्रवेशाची खात्री झाली असं नाही. अंतिम निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असतो. हॉटेलचं आरक्षण, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. मुलांचा तिथला पत्ता आणि फोन नंबर आईवडिलांच्या खिशात कागदावर लिहिलेला असू द्या.

*

अधिकारी आपल्याला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त फाईल असते. रजेच्या पत्रातल्या तारखा, तिकिटाच्या तारखा, हॉटेलच्या रात्री आणि विम्याचे दिवस एकमेकांशी जुळले, की अर्धं काम झालं. एजंटाची मदत जरूर घ्या, पण कोऱ्या अर्जावर सही करू नका. भरलेला अर्ज घरी आणा, आईवडिलांना वाचून दाखवा, प्रत्येक तारीख पडताळा आणि मगच सही करा. तुमच्या नावाने दिलेल्या प्रत्येक कागदाची जबाबदारी तुमची आहे.