जोबरा गावची किस्त

परदेशात जाऊन गोरगरिबांची सेवा करावी असे म्हणणारी मुले आता आपल्या खेड्यापाड्यांतही भेटतात. शिकलासवरलेला मुलगा किंवा मुलगी एके रात्री जेवता जेवता सांगते, "मला वर्षभर एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जायचे आहे. गरीब बायकांना छोटी कर्जे देण्याचे काम असते." आईबाप एकमेकांकडे पाहतात. कर्ज देणे ही कसली सेवा, हा प्रश्न त्यांच्या मनात येतो, आणि तो काही चुकीचा नाही. तर चला, ज्या गावापासून या छोट्या कर्जाचा बोलबाला जगभर झाला, ते गाव पाहून येऊ. सातासमुद्रापलीकडे जायला नको. ते आहे शेजारच्या बांगलादेशात.

ढाक्याहून चितगाव सुमारे अडीचशे किलोमीटर. चितगावला आता चट्टोग्राम म्हणतात. शहर सोडून उत्तरेला हाटहजारीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलात की टेकड्यांच्या कुशीत विद्यापीठ लागते. शहरातून विद्यार्थ्यांसाठी खास आगगाडी येते. विद्यापीठाच्या कुंपणाला लागूनच आहे जोबरा गाव. भाताची खाचरे, सुपारी, बांबूची बेटे, पत्र्याची छपरे आणि घरांपाशी तळी. कोकणातल्या माणसाला आपल्याच गावी आल्यासारखे वाटेल. घाटावरच्याला मात्र एवढे पाणी पाहून हेवा वाटेल.

१९७४ साली या देशात मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मुहंमद युनूस विद्यार्थ्यांना घेऊन जोबऱ्यात हिंडू लागले. त्यांनी सुरुवात केली ती कर्जापासून नव्हे, शेतीपासून, हे फारसे कोणी सांगत नाही. गावात एक खोल कूपनलिका होती, पण पाण्याच्या पैशांवरून भांडणे होऊन ती पडून राहिली होती. १९७५ साली युनूस यांनी तोड काढली. एक वाटा जमीनमालकाचा, एक कसणाऱ्याचा, आणि बी, खत, पाणी पुरवणाऱ्याचा, म्हणजे त्यांचा स्वतःचा, एक. याला 'तेभागा' म्हणतात. उन्हाळी भात उत्तम आले. शेतकऱ्यांचे भले झाले, पण प्राध्यापकांना त्यांचा पुरता वाटा कोणी दिला नाही आणि त्यांना तेरा हजार टाक्यांची खोट बसली! आपल्याकडच्या कुठल्याही पाणीवाटप मंडळाच्या चेअरमनला यात नवल वाटणार नाही.

मळणीच्या वेळी त्यांच्या लक्षात आले की ज्या बायका दिवसभर उभ्या राहून पायांनी भात मळत होत्या, त्यांच्या पदरात अगदी मूठभर पडत होते. त्यांना जमीनच नव्हती, मग पाण्याचा उपयोग काय? अशाच घरांत एक बाई बांबूचे मोढे विणताना भेटली. बांबूला लागणारे पाच टाके ती व्यापाऱ्याकडून घेई आणि तयार मोढा त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने देई. दिवसाची कमाई पन्नास पैसे. युनूस यांनी गावात यादी करवली तेव्हा असे बेचाळीस जण निघाले, आणि सगळ्यांचे मिळून देणे होते ८५६ टाके. हे १९७६ सालचे. त्यांनी ती रक्कम खिशातून दिली. पुढे सरकारी बँकेने तारण मागितले तेव्हा ते स्वतः जामीन राहिले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली, आणि २००६ साली युनूस व ही बँक यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे झाले पुस्तकातले. आता स्वयंसेवकाने पाहायचे ते पाहू.

आठवड्याची बैठक सकाळी भरते. जागेला केंद्र म्हणतात. बहुधा पत्र्याचे साधे छप्पर असते. पाच पाच जणींचे गट ओळीने बसतात, बँकेचा माणूस वही उघडतो आणि हप्ते गोळा होऊ लागतात. हप्त्याला तिकडे 'किस्त' म्हणतात. तुम्हाला खुर्ची पुढे करतील. त्या खुर्चीवर बसू नका. बसलात की बायका तुमच्याशी साहेबाशी बोलावे तसेच बोलतील आणि सगळे छान चालले आहे असे सांगतील. चटईच्या कडेला बसा, थोडी बंगाली शिकून जा, आणि कोणाच्या हातातली नोट कोणी दिली ते पाहा.

हिशेब तुम्हाला सहज कळेल. जुन्या पद्धतीत हजार टाक्यांचे कर्ज पन्नास आठवड्यांत फेडायचे, म्हणजे दर आठवड्याला वीस टाके, व्याज वेगळे. पहिला हप्ता कर्ज घेतल्यावर पुढच्याच आठवड्यात. आता सांगा, भात असो की कापूस, कोणते पीक पुढच्या आठवड्यात पैसे देते? म्हणून हे कर्ज गाईच्या दुधाला, कोंबड्यांना, भात कांडून विकायला, छोट्या दुकानाला मानवते. शेतीत घातले तर हप्ता घरच्या धान्यातून नाहीतर दुसऱ्या कर्जातून भरावा लागतो. शेजारणीने भरला तर अब्रूचा प्रश्न येतो. १९९८ च्या महापुरात देशाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला, तेव्हा हजारो घरांचे हप्ते थकले. नंतर बँकेने नियम सैल केले, थकलेल्या कर्जाची नवी मुदत बांधून देण्याची सोय केली.

आपल्याकडच्या बचत गटाची घडी यापेक्षा वेगळी आहे. आपल्या बायका आधी स्वतःचे पैसे साठवतात, आपसात देवघेव करतात, आणि मग बँक दारात येते. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून ही जोडणी सुरू केली. माझ्या मते आपली रीत हळू चालते, पण पायाखालची जमीन घट्ट असते. घाई झाली की काय होते ते २०१० साली आंध्र प्रदेशात दिसले. एकेका बाईच्या नावावर चार-चार कंपन्यांची कर्जे होती. वसुलीच्या तगाद्याने आत्महत्या झाल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. पुढे हैदराबादसह जगातल्या सहा ठिकाणी अभ्यासकांनी काटेकोर पाहणी केली. २०१५ साली निष्कर्ष आला की छोट्या कर्जाने काहींना धंद्याला आधार मिळतो, पण सरसकट गरिबी हटत नाही.

गावातून हिंडताना हातपंपही पाहा. अनेकांचे तोंड रंगवलेले दिसेल, काही हिरवे, काही लाल. १९७० नंतर परदेशी मदतीने लाखो हातपंप बसले, कारण तळ्याच्या पाण्याने पोरे हगवणीने मरत. ग्रामीण बँकेच्या बायकांनी १९८४ साली जे सोळा ठराव घेतले, त्यांत कूपनलिकेचेच पाणी पिण्याचा एक ठराव होता. पण त्या पाण्यात आर्सेनिक नावाचे विष आहे का, हे कोणी तपासले नव्हते. १९९३ पासून ते उघडकीला आले. लाल रंगाचा पंप म्हणजे विषारी पाणी. मदत करणाऱ्यांचे मन स्वच्छच होते.

तेव्हा मुलगी जायचे म्हणत असेल तर तिला काही गोष्टी विचारा. संस्था तिच्याकडूनच पैसे मागते का? महिन्या-दोन महिन्यांचे काम असेल तर ते काम कोणासाठी, तिथल्या बायकांसाठी की फोटोसाठी? तिला हिशेब लिहिता येतो का? तिथे उपयोगी पडते ते वहीतल्या चुका शोधणारे, मोढ्यांना शहरात बरे गिऱ्हाईक मिळवून देणारे, गाईच्या आजाराचे औषध ठाऊक असलेले माणूस. शेतकऱ्याच्या घरातली मुले यात शहरी मुलांपेक्षा दोन पावले पुढे असतात.

जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पाऊस सरलेला असतो, वाटा कोरड्या असतात, आणि खाचरांत उन्हाळी भाताची लावणी चाललेली असते. पाहुण्याला चहा, मुढी आणि घरच्या झाडाची सुपारी मिळते. पाणी मागण्याआधी पंपाचा रंग पाहा.