आकाशांतले चार मोर

हेलिकॉप्टर ह्या यानाविषयीं आमच्या मनांत लहानपणापासून फारसा आदर नव्हता. विमान डौलानें येतें आणि डौलानें जातें. हेलिकॉप्टर म्हटलें कीं मात्र आमच्या डोळ्यांपुढें निवडणुकीचे दिवस उभे राहतात. पटांगणावर चुन्याचें वर्तुळ काढलेलें, भोंवतीं दोऱ्या बांधलेल्या, आणि मग धुळीचा असा लोट उठे कीं वर्गांतील फळ्यावरचीं अक्षरेंहि दिसेनाशीं होत. असल्या गोंगाटी पंख्यास कोणी आकाशांत नाचवीत असेल, हें आमच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें.

२०१३ सालच्या आरंभीं आमची थोरली बहीण आमच्याकडे आली ती एक कामगिरी घेऊन. तिचा मुलगा त्या वेळीं नववींत होता. वायुदलांत जाऊन वैमानिक व्हावयाचें असें त्याच्या मनानें घेतलें होतें. आणि बंगळूरजवळ येलहंका येथें दर दोन वर्षांनीं हवाई प्रदर्शन भरतें, तें पाहण्याचा त्यानें हट्ट धरला होता. "तूं त्याला घेऊन जा," ताई म्हणाली, "आणि तिथें धोका कसा असतो तो नीट दाखवून आण. माझें ऐकत नाहीं; मामाचें ऐकेल." असें म्हणून तिनें वर्तमानपत्राचें एक पिवळें पडलेलें कात्रण आमच्या हातीं ठेविलें. २ फेब्रुवारी २००७ रोजीं त्याच येलहंक्यास, प्रदर्शनापूर्वींच्या सरावांत, वायुदलाच्या 'सारंग' पथकाचें एक हेलिकॉप्टर कोसळलें. एका वैमानिकानें प्राण गमावले आणि दुसरा जबर जखमी झाला. तेव्हां भाचा अवघा नऊ वर्षांचा होता. आईला किती लवकर कळतें, पाहा!

कात्रण खिशांत घालून, उद्यान एक्सप्रेसनें आम्ही मामाभाचे निघालों.

त्या दिवशीं रशियाचीं प्रचंड जेट विमानें उडालीं, चेक देशाच्या एका पथकाचीं चिमुकलीं विमानेंहि उडालीं. त्यांच्या गडगडाटानें कान बधिर झाले, याखेरीज त्यांविषयीं आम्हांस सांगण्यासारखें फार नाहीं. मग 'सारंग' आलें. सारंग म्हणजे मोर. संस्कृतांत हरिण, भ्रमर असेहि त्याचे अर्थ आहेत, आणि गवयांचा दुपारचा राग तो निराळाच. अंगावर मोर चितारलेलीं चार 'ध्रुव' हेलिकॉप्टरें धूर सोडीत शंकरपाळ्याच्या आकृतींत वर चढलीं, एकदम फुटलीं आणि चार दिशांस गेलीं. दोघांनीं आकाशांत धुराचें हृदय रेखिलें. नंतर दोन टोकांकडून दोन यानें समोरासमोर अशीं धांवत आलीं कीं, आम्हीं डोळे मिटून घेतले. उघडून पाहतों तों दोन्हीं सुखरूप एकमेकांस ओलांडून गेलेलीं!

भाच्याचें मात्र समाधान झालें नाहीं. "मामा, ह्यांनीं कोलांटी कां नाहीं मारली?"

उत्तर शेजारून आलें. तेथें बेळगांवकडचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सारी उमर वायुदलांत यंत्रें दुरुस्त करण्यांत गेलेली. ते म्हणाले, "बाळ, ह्या पंख्याची गोष्ट आधीं ऐक." त्यांनीं सांगितलें तें असें.

हेलिकॉप्टर पुढें जात असतां एका बाजूचें पातें वाऱ्यास सामोरें जातें, दुसऱ्या बाजूचें वाऱ्याबरोबर मागें येतें. सामोऱ्या पात्यास उचल अधिक मिळते, म्हणून यान कलंडूं पाहतें. स्पेन देशाच्या हुआन द ला सिएर्व्हा ह्यानें आपल्या ऑटोजायरो नांवाच्या यानांत पात्यांच्या बुडाशीं बिजागऱ्या बसविल्या. पातीं वरखालीं हलूं लागलीं आणि १९२३ सालीं त्याचें यान नीट उडालें. पण बिजागरीनें नवीन अडचण आणली. यानाचें धड चक्राखालीं दोरीला बांधलेल्या कळशीसारखें लोंबूं लागलें. वजनाचा ताण आहे तोंवर चक्र वळलें कीं धड वळतें. हवेंत वजन नाहींसें झालें, कीं वैमानिकाच्या हातांतील दांडा व्यर्थ. कांहीं जातींत तर चक्राचा गाभा आपल्याच खांबावर आपटून खांब मोडतो.

तरीहि १९४९ सालीं अमेरिकेंत हॅरॉल्ड टॉम्प्सन ह्यानें सिकोर्स्की एस-५२ घेऊन कोलांट्या मारून दाखविल्या. पाण्यानें भरलेली बादली गरगर फिरविली तर थेंबहि सांडत नाहीं, हें आपण सर्वांनीं विहिरीवर करून पाहिलें आहे. युक्ति तीच, माथ्यावरहि वजन सुटूं द्यावयाचें नाहीं. पुढें जर्मनींत बो-१०५ निघालें, तेव्हां वरखालीं हलण्याची ती बिजागरीच काढून टाकली. पातेंच वेताच्या छडीसारखें लवचीक केलें. 'ध्रुव' बांधतांना हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें त्याच कंपनीचें साहाय्य घेतलें. २० ऑगस्ट १९९२ रोजीं तें प्रथम उडालें. त्याचीं चारहि पातीं बिजागरीवांचून आहेत, म्हणून वैमानिकाचा हात हलतांच धड वळतें.

"कोलांटी एकट्याची असते," वृद्ध म्हणाले. "हे चौघे एकमेकांच्या पंख्याच्या वाऱ्याशेजारीं उडतात. एकाचा हात जरा चुकला तर चौघांना भोंवतें." सभोंवार टाळ्यांचा कडकडाट चालला होता, ते मात्र हात मांडीवर ठेवून बसले होते. चौथें हेलिकॉप्टर जमिनीस टेकलें, तेव्हां त्यांनीं टाळी वाजविली. भाच्यानेंहि तेव्हांच वाजविली.

परतीच्या गाडींत आम्हीं अखेर तें कात्रण बाहेर काढलें. त्यानें एक दृष्टि टाकली आणि घडी करून परत दिलें. "मामा, हें मीं केव्हांच वाचलें आहे. आईच्या कपाटांतच तर होतें."

ताईस काय सांगावें? धोका आहे, असें आम्हीं सांगितलें. मुलास तो ठाऊक आहे, हेंहि सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. त्याच जूनमध्यें उत्तराखंडांत महापूर आला आणि अडकलेल्या यात्रेकरूंस बाहेर काढणाऱ्या यानांत 'ध्रुव'हि होतीं. २०१८ च्या ऑगस्टांत केरळच्या पुरांत तर 'सारंग'चे वैमानिकच बचावाच्या कामीं लागले. ती बातमी ताईनें स्वतः कापून जुन्या कात्रणाशेजारीं ठेविली.

भाचा वैमानिक झाला नाहीं. दृष्टीच्या तपासणींत तो मागें पडला. आज हेलिकॉप्टरांच्या देखभालीच्या एका कारखान्यांत काम करतो. ५ जानेवारी २०२५ रोजीं पोरबंदर येथें तटरक्षक दलाचें एक 'ध्रुव' कोसळून तिघे मृत्यु पावले. तेव्हां देशांतील सर्व 'ध्रुव' तपासणीसाठीं जमिनीवर ठेवण्यांत आलीं, आणि त्या फेब्रुवारींत येलहंक्याच्या आकाशांत मोर दिसले नाहींत. त्या महिन्यांत ताईनें आम्हांस दोन वेळां फोन केला. भाचा रात्रीं किती वाजतां घरीं येतो, एवढेंच ती सांगत होती.