हललेला

36 फोटोंच्या रोलमध्ये दोन-तीन तरी हे महाशय असायचेच. स्टुडिओवाला पाकिटातून अलगद बाजूला काढायचा आणि म्हणायचा, "हा हललाय, याचे पैसे नका देऊ." अल्बमला चिकटायची लायकी नाही, म्हणून मुक्काम बुटांच्या खोक्यात. बाकीची मंडळी ताठ, श्वास रोखलेली. यालाच मेल्याला दोन क्षण गप्प राहवत नाही.

खरं तर गडी सरळ आहे. चोख फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागात बघून तोंड फिरवतो. हा पंधराव्या भागापर्यंत रेंगाळतो आणि तेवढ्यात जे जे सरकलं, ते सगळं एकावर एक मांडून ठेवतो.

त्याला मानाने पाटावर बसवला तो फोटोग्राफर अर्न्स्ट हासने. हा मूळचा व्हिएन्नाचा; महायुद्धानंतर काळ्या बाजारात 20 पौंड मार्गारीन देऊन त्याने रोलायफ्लेक्स कॅमेरा मिळवला होता. 1956 साली तो स्पेनमध्ये, पाम्प्लोनाला, बैलांच्या झुंजी टिपत होता. तेव्हाची रंगीत फिल्म फार मंद; बेतासबात उजेडात पळता बैल धरायचा म्हणजे तो हलणारच. हासने ते हलणंच हाताशी धरलं. बैलाबरोबर कॅमेरा फिरवला, की बैल थोडाफार सावरून उरतो आणि मागचं सगळं वाहून जातं. त्या फोटोंत शिंग शोधू नये. काळसर लोट अंगावर येतो आणि कापड फिरवणारा माणूस रंगाची नुसती लकेर होऊन बाजूला सरतो. 1962 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हासच्या रंगीत कामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा खोक्यातल्या या पोराचे भाईबंद भिंतीवर चढले.

म्हणून प्रत्येक हललेला हास नव्हे. मोबाइलवर बोट फिरवून पुसट केलेले तर याच्या नात्यातलेच नव्हेत. त्यांच्यात काही सरकलेलंच नसतं.

आमच्या खोक्यात एक आहे. मंगळागौर, रात्रीचा बल्ब, दोघींची फुगडी. चेहरे गेलेत, नऊवारीचा हिरवा आणि जांभळा मिळून एक गरगरतं कडं उरलंय, आणि मधोमध दोन जोडलेले हात, जवळजवळ स्पष्ट. हिरवी मीच, असं आई म्हणते. आत्याचंही तेच म्हणणं आहे.